फाउंडेशनचं रबर बदलण्याआधी

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मी माझ्या जुन्या फोर बाय फोर डिझेल जीपचं इंजिनाखालचं, म्हणजे फाउंडेशनचं रबर काढलं आणि त्या जागी पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेनचे माउंट बसवले. तीन महिन्यांत ते उतरवावे लागले. आमच्या डहाणू-तलासरीत अशा जीप अजून पुष्कळ आहेत आणि मोबाइलवर व्हिडिओ पाहून हाच बेत करणारे दोघे जण मला नुकतेच भेटले. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

घोलवडजवळ आमची चिकूच्या कलमांची रोपवाटिका आहे. रायणीच्या खुंटावर बांधलेली कलमं पावसाळ्यात उधवा, सायवन, गंभीरगडाच्या पायथ्याचे पाडे असं फिरून पोचवायची. डांबर संपलं की चिखल, ओहोळ आणि सुटे दगड. अशा चढावर पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की इंजिन एका अंगाला उचकायचं, गिअरचा दांडा हातात नाचायचा आणि पंखा रेडिएटरच्या कव्हरला घासल्याचा आवाज यायचा. फाउंडेशन गेलं, हे उघड होतं. एका दुकानदाराने सांगितलं, रबर परत फाटेल, पीयू आयुष्यभर जाईल. मी विश्वास ठेवला.

पहिल्या दिवशी खूश होतो. इंजिन जागचं हलेना, गिअर नेमके पडायला लागले. पण गाडी उभी करून इंजिन चालू ठेवलं की सीट, स्टिअरिंग, काचा सगळं थरथरायचं. धुंदलवाडीला तिथल्याच एका आजीला मागे बसवून मी कुणाशी तरी बोलत उभा होतो, तर ती दार उघडून खाली उतरली. नोव्हेंबर २०१८ पासून त्या भागाने भूकंपाचे धक्के सोसलेत, लोकांनी थंडीत तंबूत रात्री काढल्यात. पायाखालची थरथर तिथल्या माणसाला सहन होत नाही. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

हळूहळू डॅशबोर्डचे स्क्रू सुटले, बॅटरीचा ट्रे चिरला. ते घट्ट करून, वेल्डिंग मारून मी चालवत राहिलो. मग ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी सायवनकडच्या पाड्यावर कलमं उतरवत असताना एका बाईला कळा सुरू झाल्या. १०८ची गाडी डांबरापर्यंतच येऊ शकत होती. मी तिला आणि तिच्या सासूला जीपमध्ये घेतलं. अर्ध्या वाटेवर इंजिन गचके देत बंद पडलं. चेसिसवरून येणारी डिझेलची लोखंडी नळी क्लिपेपाशी तडकली होती आणि तिथून हवा ओढत होती. पुढचं अंतर पाड्यावरच्या माणसांनी तिला झोळीतून नेलं, पावसात. बाई आणि बाळ दोघं सुखरूप आहेत. पण झोळीमागून चालतानाचा तो वेळ मी विसरू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून तलासरीला हायवेलगतच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने फाउंडेशनचं ब्रॅकेट दाखवलं, चेसिसवरच्या वेल्डिंगला केसासारखी चीर होती. मग माझं काढून ठेवलेलं जुनं रबर मागवलं, अंगठ्याने दाबलं आणि म्हणाला, ‘‘दादा, हे रबर मेलेलं नाही, तेलाने मारलंय.’’ टॅपेट कव्हरचं गॅस्केट गळत होतं, तेल नेमकं एका बाजूच्या माउंटवर ठिबकत होतं. नैसर्गिक रबर तेलाने फुगतं आणि लिबलिबीत होतं. दुसऱ्या बाजूचं आणि गिअरबॉक्सखालचं चांगलं होतं. गॅस्केट बदलून नवं रबर टाकलं असतं तर काम झालं होतं.

मग मी थोडा हिशेब शिकलो. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोन वेळा पेटतं. आयडलला मिनिटाला ७५० फेरे धरले तर सेकंदाला २५ धक्के. माउंटवर बसलेल्या इंजिनाची स्वतःची डुलण्याची एक गती असते. धक्क्यांची गती तिच्या साधारण १.४ पटीहून जास्त असेल, तरच माउंट थरथर अडवतं. समजा रबरावर ती गती सेकंदाला १० आहे. २५ भागिले १० म्हणजे अडीच पट, धक्के रबरातच जिरतात. आता माउंट चौपट कडक केलं तर ती गती दुप्पट होते, २० होते. प्रमाण सव्वावर येतं आणि थरथर अडण्याऐवजी वाढून चेसिसमध्ये उतरते. माझ्या नळीला तिनेच तडा दिला. १९३१ साली प्लिमथ गाडीत क्रायस्लर कंपनीने इंजिन रबरावर तोललं आणि त्याला ‘फ्लोटिंग पॉवर’ असं नाव दिलं. इंजिनाने थोडं हलावं, ही मुद्दाम केलेली सोय आहे.

पीयू वाईट आहे असं मी म्हणणार नाही. त्याला तेल लागत नाही, ते सहजी फाटत नाही. ज्यांची गाडी दगडांतल्या स्पर्धेसाठीच निघते, ज्यांनी जास्त ताकदीचं इंजिन टाकलंय, त्यांना ते लागतंच. पण त्यातही प्रकार आहेत. पॉलिएस्टर जातीचं पीयू उष्ण, दमट हवेत पाण्याने कुजतं. आपल्या किनारपट्टीला पॉलिईथर जातीचंच घ्यावं, आणि दुकानदाराला हे सांगता येत नसेल तर त्याच्याकडून घेऊ नये. सायलेन्सरचा पाइप जवळून जात असेल तर मध्ये पत्रा लावा, कारण ऐंशी-नव्वद अंशांपुढे पीयू नरम पडू लागतं. एका बाजूला पीयू आणि दुसऱ्या बाजूला रबर असा संसार मांडू नका, सगळी हालचाल नरम बाजूवर येते.

ज्यांच्या जीपमध्ये घरची माणसं, मजूर, माल असं सगळं जातं, त्यांनी रबरच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानात वर्षानुवर्षं पडलेलं रबर कडक झालेलं असतं, म्हणून नख रुतवून आणि कडेला बारीक भेगा नाहीत ना ते बघून घ्या. तिन्ही माउंट एकदम बदला. बोल्ट आधी सैल ठेवा, इंजिनाचं वजन बसू द्या, थोडा वेळ चालवा आणि मग आवळा. चढावर इंजिन फारच उचलत असेल तर ज्या बाजूने उचलतं तिथे चेसिसला एक साखळी थोडी ढिली बांधता येते. एरवी ती मोकळी राहते, अतीच उचललं तर ताणून धरते. माझ्या जीपला आता हेच आहे, आणि हा पावसाळा तिने उधव्यापासून गंभीरगडापर्यंत बिनतक्रार काढला.

आणि पीयू बसवूनच झालं असेल, तर पाचशे किलोमीटर झाल्यावर एकदा गाडीखाली जा. ब्रॅकेटच्या वेल्डिंगवरून आणि डिझेलच्या नळीवरून, प्रत्येक क्लिपेपाशी बोट फिरवून बघा. तोवर त्या गाडीत दुसऱ्या कुणाला बसवू नका.