वीज वाहते त्या दिशेने मोज

सिंदी (रेल्वे),
ता. सेलू, जि. वर्धा
तान्हा पोळा

चि. मनूस,


ग्राफाइट आणि फिनॉलिक रेझिनची तुझी पट्टी साच्यातून अखंड निघाली आणि तिची वाहकता सेंटीमीटरला 100 सीमेन्सच्या वर गेली, हे फोनवर ऐकून फार आनंद झाला. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या फ्युएल सेलच्या बायपोलर प्लेटसाठी, म्हणजे दोन सेलमधल्या अशाच पट्टीसाठी, हीच कसोटी ठेवली आहे. पण ‘आता ग्राफाइट वाढवून आकडा आणखी चढवते’ असं तू म्हणालीस, म्हणून हे पत्र.

तो आकडा तू कोणत्या दिशेने मोजलास? फोर पॉइंट प्रोब पट्टीवर ठेवला की वीज मुख्यतः पट्टीच्या लांबीने धावते. प्रेसचा दाब पडला की ग्राफाइटच्या चकत्या पत्रावळींच्या चळतीसारख्या आडव्या बसतात, त्यामुळे त्या दिशेने तिला वाट सोपी असते. फ्युएल सेलमध्ये मात्र तिला एका सेलमधून दुसऱ्या सेलमध्ये, पट्टीच्या जाडीतून आरपार जायचं असतं. तिथे चकत्यांच्या मधलं रेझिन आडवं येतं. शिवाय साच्याला टेकलेल्या बाजूंवर रेझिनचा पातळ थर जमतो, तो वेगळा अडथळा. म्हणून आरपारचा आकडा नेहमी कमी भरतो, आणि कामाचा तोच असतो.

याचा हिशेब करून बघ. भार असताना एक सेल साधारण 0.65 व्होल्ट देते, म्हणून शेकडो सेल एकावर एक रचाव्या लागतात. पट्टीचा आरपार रोध, दोन्ही बाजूंचा स्पर्शरोध धरून, 0.01 ओहम-चौरस सेंटीमीटरहून जास्त नसावा अशी अपेक्षा आहे. दर चौरस सेंटीमीटरला 1 अँपियर वाहिला तर एका पट्टीत 10 मिलिव्होल्ट जातात. 300 सेलच्या रचनेत ते 3 व्होल्ट झाले. रोध तिप्पट निघाला तर 9 व्होल्ट नुसत्या उष्णतेत गेले. लांबीचा आकडा कितीही देखणा असो, हे नुकसान त्यात दिसत नाही.

तेव्हा पट्टी दोन कार्बन पेपरांमध्ये ठेव, बाहेरून सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या चकत्या लाव, दर चौरस सेंटीमीटरला 138 न्यूटनच्या आसपास दाब दे, ठरावीक प्रवाह सोड आणि व्होल्टेजची घट वाच. कार्बन पेपरचा रोध वेगळा मोजून वजा कर. मग पट्टीचे दोन्ही पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने हलके घासून पुन्हा मोज. वरचा थर किती रोध करत होता, ते तुलाच कळेल.

ग्राफाइट वाढवण्याचा मोह मात्र आवर. वजनाने 80 टक्क्यांच्या पुढे गेलं की चकत्या भिजवायला रेझिन कमी पडू लागतं. माल साच्यात नीट पसरत नाही, वायू वाहण्याच्या खाचांच्या कडा भरत नाहीत, आत पोकळ्या राहतात आणि त्यांतून हायड्रोजन झिरपू शकतो. पट्टीने वाकताना जी ताकद दाखवायला हवी, तीही घटते. हिंगण्याच्या एमआयडीसीत मी वर्षानुवर्षं फिनॉलिकचे स्विच काढले. नोव्होलॅक रेझिन हेक्झामिनने पक्कं होताना अमोनिया सोडतं, ओलही वाफ होते. दाब दिल्यावर सुरुवातीलाच प्रेस क्षणभर उघडून वायूला वाट द्यावी लागते, नाहीतर फोड येतात. ग्राफाइट वाढवण्याआधी हे नीट जमव. कदाचित आहे त्याच मिश्रणात तुझी पट्टी सुधारेल.

आपल्या मालाचा प्रतिस्पर्धीही ओळखून ठेव. पुण्यात सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था आणि केपीआयटी ही कंपनी यांनी ऑक्टोबर 2020 मध्ये हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीची चाचणी घेतली, तिच्यात पातळ धातूच्या बायपोलर प्लेट होत्या, वजन कमी व्हावं म्हणून. 21 ऑगस्ट 2022 ला त्यांचीच बस लोकांसमोर आली. धातूची पट्टी पातळ आणि हलकी असते, पण सेलच्या आतल्या आम्लधर्मी ओलाव्यात ती गंजते, सुटलेले धातूचे आयन सेलमधल्या पडद्याला बाधतात, म्हणून तिच्यावर लेप हवा. तुझी पट्टी जाड आहे, पण गंजत नाही. बरीच वर्षं एका जागी चालणाऱ्या वीजसंचात हा गुण मोलाचा ठरतो. कुठे आपलं चालेल आणि कुठे नाही, हे अहवालात तूच आधी लिही. परीक्षकाने विचारेपर्यंत थांबू नकोस.

तू सकाळच्या गाडीने नागपूरच्या ज्या एलआयटीत (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) जातेस, ती संस्था मँगनीजच्या खाणी चालवणाऱ्या रावबहादुर डी. लक्ष्मीनारायण यांच्या दानातून 1942 साली उभी राहिली. या मातीतल्या मुलांनी रसायनाचा उद्योग शिकावा म्हणून दिलेला तो पैसा. उद्योगात वस्तू खपते ती गिऱ्हाइकाच्या यंत्रात टिकली तर. तिथे तुझा अहवाल कोणी उघडत नाही. म्हणून आतापासून सवय लाव: वस्तू ज्या कामासाठी आहे, त्या कामाच्या कसोटीवरचा आकडा पहिल्या पानावर आणि सोयीचा आकडा त्याच्या खाली. दोन्ही लिही, दिशा लिही, दाब लिही, किती पट्ट्या मोजल्या आणि किती तुटल्या तेही लिही.

आरपारचा आकडा आला की कळव. कमी आला तर आधी कळव, रविवारी साच्याच्या तापमानापासून सगळं एकत्र बसून तपासू.

तुझा,
मामा