मैत्रिणीच्या मसुद्यावर बोलायचं कसं?

प्रश्न : मी अकरावीत आहे. पर्यावरण प्रकल्पाचा कच्चा मसुदा आम्ही एकमेकींना दाखवतो. मैत्रिणीचा मसुदा विस्कळीत वाटला, पण ती दुखावेल म्हणून ‘छान आहे’ म्हणाले. चुकलं का?

उत्तर : थोडं चुकलंच. ‘छान’वरून पुढे काय करायचं, ते तिला कळलं नाही. रॉन बर्गर हे अमेरिकी शिक्षक आयडाहोतल्या एका शाळेचं उदाहरण सांगतात, ते मला फार आवडतं. पहिलीतल्या मुलाने छायाचित्र पाहून फुलपाखरू काढलं. वर्गातल्या इतर मुलांनी आधी फक्त पंखांच्या आकाराबद्दल सुचवलं, नक्षीबद्दल नंतर. सहाव्या खेपेला, पहिलीतल्या मुलाचं वाटू नये इतकं नेमकं फुलपाखरू कागदावर उतरलं!

तूही आधी सांगाडा बघ. निष्कर्ष तिने जमवलेल्या माहितीतूनच निघतो का? शुद्धलेखन तूर्त राहू दे. नेमक्या जागी बोट ठेव : ‘विहिरींची पाहणी उन्हाळ्यात केलीस की पावसाळ्यानंतर? तक्त्यात महिना दिसत नाही.’ अशा प्रश्नाने सहसा कुणी दुखावत नाही, उलट वही उघडून बघतं. आणि जे खरंच जमलंय तेही तितक्याच नेमकेपणाने सांग, नाहीतर दुरुस्तीच्या भरात ती तेच खोडून टाकेल.