वाढीव मॅगझिन अडतंय? पैसे काढण्याआधी हे तपासा

परवान्याच्या .32 पिस्तुलाला लांब मॅगझिन लावले आणि चौथ्या-पाचव्या गोळीला स्लाइड अर्ध्यावरच थांबली, की मालक आधी पिस्तुलाला दोष देतो. गोळी चढत नसेल तर पहिला संशय मॅगझिनवर घ्यावा, दुसरा काडतुसावर आणि पिस्तुलावर सगळ्यात शेवटी. खर्चही साधारण याच क्रमाने वाढत जातो.

पहिल्या तपासणीला एक रुपयाही लागत नाही. तुमच्याकडच्या प्रत्येक मॅगझिनच्या तळाला पक्क्या शाईने क्रमांक घाला. रेंजवर मूळ मॅगझिन नीट चालले आणि लांबचेच अडले, तर पिस्तूल उघडायची गरज नाही. घरी फक्त रिकामे पिस्तूल आणि डमी काडतुसे वापरायची. खरी गोळी हाताने चेंबरमध्ये चढवून बघणे हा शुद्ध वेडेपणा आहे. खऱ्या गोळीची चाचणी परवानगी असलेल्या रेंजवरच, मग ती जिल्हा रायफल संघटनेची असो की एखाद्या क्लबची. गावाकडच्या शेतात जाऊन दोन बार काढणे चाचणीत मोडत नाही.

कितवी गोळी अडली, हे लिहून ठेवा. पहिलीच अडत असेल तर मॅगझिन ठासून भरले आहे, स्लाइडला वरचे काडतूस ओढून घेता येत नाही. एक गोळी कमी भरा, बहुतेकदा काम होते. शेवटच्या दोन-तीन अडत असतील तर स्प्रिंग थकली आहे. अधलीमधली कुठलीही अडत असेल, तर काडतुसे आत तिरकी होत आहेत.

लांब मॅगझिनमध्ये हे सगळे वाढते. स्लाइड मागे जाऊन परत येते तेवढ्या निमिषात स्प्रिंगने काडतुसांची अख्खी चळत वर उचलायची असते. चळत लांब आणि स्प्रिंग जुन्याच मापाची असेल, तर स्लाइड काडतुसावरून रिकामीच पुढे निघून जाते. मूळ मॅगझिनला खालून डबी जोडून केलेल्या वाढीव मॅगझिनमध्ये जोडाच्या जागी बारीक पायरी राहते आणि काडतुसांखालची पट्टी तिथे अडखळते. शिवाय मुठीबाहेर लोंबणारे मॅगझिन भरल्यावर जड होते. मॅगझिन धरून ठेवणारा खटका झिजलेला असला तर ते केसभर खाली उतरते आणि गोळी नळीच्या तोंडाशी खालून धडकते. खालून हाताने आधार दिल्यावर चालत असेल, तर दोष खटक्यात किंवा मॅगझिनच्या खाचेत आहे.

.32 ची स्वतःची एक खोड आहे. आपल्याकडे 9 मि.मी. सर्वसामान्य परवान्यावर मिळत नाही, म्हणून बहुतेकांच्या हाती .32 असते. हे काडतूस जॉन ब्राउनिंगने 1899 च्या सुमारास बेल्जियमच्या एफ.एन. कंपनीच्या पिस्तुलासाठी आखले. त्याच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित बाहेर आलेली असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि कितीही झटके दिले तरी हलत नाहीत. तेव्हा जोर न करता मॅगझिन बाहेर काढून रिकामे करावे. पोकळ टोकाची, लांबीने आखूड गोळी वापरली तर मॅगझिनमध्ये जागा सुटते आणि हा प्रकार वाढतो. भरताना प्रत्येक काडतूस मागे भिंतीला टेकवून, वरच्याची कड खालच्याच्या पुढे आहे ना, हे बघत भरा.

काडतुसांचा खर्च लोक धरतच नाहीत. आठ गोळ्यांचे मॅगझिन तीन वेळा भरून तपासले तर 24 काडतुसे गेली. दोन मॅगझिनची 48. दुकानातल्या भावाने गुणून बघा. पैशापेक्षा मोठी अडचण म्हणजे परवान्यावर वर्षभराची मर्यादा लिहिलेली असते आणि हा आकडा त्यातूनच वजा होतो. म्हणून अर्धे निदान डमीवर उरकावे. खोक्यावरचे नावही नीट वाचा: रिव्हॉल्व्हरचे .32 आणि पिस्तुलाचे .32 ही वेगळी काडतुसे आहेत. पिस्तुलाच्या खोक्यावर 7.65 मि.मी. असा उल्लेख बघून घ्या आणि चाचणी संपेपर्यंत एकाच खोक्यातली काडतुसे वापरा.

दुरुस्तीत सगळ्यात स्वस्त भाग स्प्रिंग, आणि बदलावीही आधी तीच. वरच्या वळलेल्या कडा फाकल्या असतील तर पक्कड लावू नका. केसभर फरकाने गोळीचा कोन बदलतो. काम परवानाधारक गनस्मिथकडेच द्या. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे शस्त्र दुरुस्त करण्याच्या धंद्याला परवाना लागतो, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाला किमान सात वर्षांची शिक्षा आहे. कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे भागही शस्त्रच. त्यामुळे ओळखीच्या वेल्डरकडून लांब करून घेतलेले किंवा बिलाशिवाय कुरिअरने मागवलेले मॅगझिन स्वस्त वाटले, तरी त्याची खरी किंमत कोर्टात कळते.

नवे मॅगझिन घ्यायचे तर तुमच्या मॉडेलचे कारखान्याचे मूळ मॅगझिन मिळते का, हे आधी विचारा. इशापूरच्या रायफल फॅक्टरीचे ‘अशनी’ असेल तर ही चौकशी सोपी. जुने वॉल्थर किंवा बेरेटा असेल तर अवघड, कारण 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला आयात जवळपास बंद आहे आणि विक्रेता सुट्या भागाला मागेल ती किंमत मोजावी लागते. विकत घेण्याआधी ते तुमच्याच पिस्तुलात बसवून, डमी काडतुसे चढवून दाखवायला सांगा. बिलावर मॉडेल आणि परवान्याचा युनिक आयडी क्रमांक लिहून घ्या. ‘कटकट नको, नवीन पिस्तूलच घेऊ’ असे म्हणणाऱ्यांनी कर विसरू नये: 22 सप्टेंबर 2025 पासून पिस्तुलावरचा जीएसटी 28 वरून 40 टक्के झाला. एक लाखाच्या मूळ किमतीवर थेट 40 हजार.

नागपूरसारख्या ठिकाणचे हवामानही खर्च वाढवते. मे महिन्यातली धूळ तेलकट मॅगझिनमध्ये चिकटते, म्हणून आतून कोरड्या फडक्याने पुसावे आणि तेल फक्त बाहेरून, पुसटसे लावावे. आत साचलेले तेल काडतुसाच्या बुडात मुरले तर बारच उडत नाही. पावसाळ्यात घामाने भिजलेल्या चामडी कव्हरात मॅगझिन ठेवून देऊ नका, गंज आधी स्प्रिंगला धरतो.

निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश आला, तर पावतीवर मॅगझिन किती आणि कोणत्या क्रमांकाचे, हे लिहून घ्या. नाहीतर परत घेताना अदलाबदल झाल्याचे नंतर सिद्ध करता येत नाही. परवान्यावरच्या नोंदीबद्दल शंका असेल तर पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरातल्यांनी तिथे आणि बाकीच्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारावे.

आणि आमचे मत विचाराल, तर .32 ला वाढीव मॅगझिन घेऊच नका. तेवढ्याच पैशात कारखान्याचे दुसरे मूळ मॅगझिन घ्या.