बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते? आधी मोजा, मग बदला!

जव्हार-मोखाड्यात ऑटो इलेक्ट्रिकचं छोटं दुकान टाकायचा विचार असेल, तर आजचा धडा तुमच्यासाठी. मीटर कुठे लावायचा ते व्हिडिओत दाखवलंय. इथे आकडे आणि त्यामागची कारणं देतोय. वहीत उतरवून घ्या.

गिऱ्हाईक येतं तेच मुळी वैतागून. "दादा, वर्षात दुसरी बॅटरी घातली, डायनामो बदलला, तरी सकाळी धक्काच मारावा लागतो." आपल्या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. माणसं आणि माल एसटी, जीप, पिकअप यांवरच. गाडी उभी राहिली की दिवसाची कमाई बुडते, हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून इथे तिसरी बॅटरी विकणारा नको, कारण शोधणारा हवा.

एक गोष्ट पक्की समजून घ्या

बॅटरी आणि अल्टरनेटर (आपल्याकडे डायनामोच म्हणतात) एकमेकांना खराब करतात. बॅटरी खराब असेल तर ती करंट ओढतच राहते, अल्टरनेटर सतत पूर्ण ताकदीने चालतो, तापतो आणि जळतो. उलट अल्टरनेटर कमी चार्ज करत असेल तर बॅटरी अर्धपोटी राहून मरते, जास्त करत असेल तर पाणी उकळून मरते. म्हणून एकच वस्तू बदलली की जुना दोष नवीन वस्तूलाही खातो.

पाच तपासण्या, याच क्रमाने

१. गाडी रात्रभर उभी असताना: बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. आधी बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरा, मगच पुढचं तपासा.

२. सेल्फ मारताना: व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं तर संशय बॅटरीवर. बॅटरी चांगली निघाली तर सेल्फ मोटर आणि जाड वायरी बघा.

३. इंजिन चालू, रेस थोडी वाढवून: १३.८ ते १४.५ व्होल्ट ठीक. १३.२ च्या आसपास अडकलं तर चार्जिंग कमी. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेलाय. मग मीटर एसी व्होल्टवर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर डायोड तपासा. खराब डायोड रात्री बॅटरीही पितो. नव्या बीएस-६ गाड्यांत काही ठिकाणी कॉम्प्युटर चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे एका आकड्यावरून निकाल देऊ नका.

४. वायर आणि अर्थिंग: इंजिन चालू, हेडलाइट चालू. बॅटरीच्या मायनसपासून अल्टरनेटरच्या बॉडीपर्यंत मोजा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थ गंजलाय किंवा ढिला आहे. प्लसची वायरही अशीच मोजा. ही तपासणी बहुतेक जण सोडून देतात.

५. रात्रीची गळती: चावी काढा, दारं बंद करा, अर्धा तास थांबा. मायनसच्या वायरीत मीटर १० अँपिअरवर लावा. मीटर लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही. साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. ५०० निघालं तर दिवसाला १२ अँपिअर-अवर गेले, म्हणजे ६० ची भरलेली बॅटरी अडीच दिवसांत निम्मी! एकेक फ्यूज काढत जा; ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या लाइनमध्ये चोर आहे.

आपल्या भागात कुठे बघायचं?

इथला पाऊस जोरदार. टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर आणि अर्थच्या बोल्टवर गंज आधी बघा. चिखल-पाण्याने आणि तेलाने बेल्ट घसरतो. खड्ड्यांत बॅटरीचा क्लॅम्प ढिला झाला की आतल्या प्लेटा झडतात. स्टँडवर इंजिन बंद ठेवून टेप वाजवणं, मग दोन-चार किलोमीटरची फेरी, यात बॅटरी भरतच नाही. आणि जादा दिवे! ५५ वॅटचे दोन लावले की ९ अँपिअर वाढले. आयडलवर अल्टरनेटर तेवढा पुरत नाही.

सुरक्षा: मायनस आधी काढा, शेवटी जोडा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, जवळ विडी-काडी नको. "डायनामो बघू" म्हणून चालू इंजिनवर बॅटरीची वायर कधीच काढू नका. व्होल्टेज उसळून डायोड आणि कॉम्प्युटर जातो.

आता धंद्याचं

मल्टीमीटर काहीशे रुपयांत येतो. खरं भांडवल म्हणजे शिस्त. तपासणीचा वेगळा दर ठेवा आणि तो काम घेण्याआधी सांगा. गाडी नंबर, तारीख आणि पाचही आकडे कार्डावर लिहून एक प्रत गिऱ्हाइकाला द्या. दुरुस्तीनंतर तेच आकडे पुन्हा मोजून बाजूला लिहा. समजा दोष गंजलेल्या अर्थच्या वायरीत निघाला, तर नवीन बॅटरीवरचं तुमचं कमिशन जाईल. जाऊ द्या. गाव लहान आहे. "याने बॅटरी गळ्यात मारली नाही" हे स्टँडवर संध्याकाळपर्यंत पोचतं. जुनी बॅटरी उघड्यावर फोडू नका, आत शिसं आणि आम्ल असतं. अधिकृत विक्रेत्याकडेच परत द्या.

गृहपाठ: या आठवड्यात ओळखीच्या तीन गाड्या घ्या, पाचही आकडे मोजून कार्ड भरा. काही बदलायचं नाही, फक्त मोजायचं. हात बसला की दुकानाची पाटी रंगवायला हरकत नाही!