आकडी थांबते ती कशानं?

रात्री दीड-दोनला दवाखान्याची बेल कुणी बोट न काढता वाजवत राहिलं, की दार उघडायच्या आधीच माझ्या लक्षात येतं : तापात आकडी आलेलं मूल असणार. दारात आई, तिच्या खांद्यावर मूल, मागे स्कूटर कशीबशी उभी करून धावत आलेले बाबा. निम्म्या वेळा मूल तोवर सावरून गाढ झोपलेलं असतं. थरथरत असतात ते आईबाबा.

त्या रात्री सांगितलेलं एक अक्षर डोक्यात शिरत नाही. म्हणून आज बसा जरा, दिवसाउजेडी, घरात कुणाला ताप नसताना.

पहिला प्रश्न ठरलेला असतो : “मेंदूला काही झालं का हो?” नाही. तापातल्या साध्या आकडीनं मेंदूला इजा होत नाही. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या दर १०० मुलांत २ ते ५ जणांना ती येते आणि बहुतेकदा काही मिनिटांत आपली आपण थांबते. श्रेय मात्र दुसऱ्यालाच मिळतं. “आजीनं कांदा फोडून नाकाशी धरला, म्हणून थांबली.” अहो, कांदा सापडून तो फुटेपर्यंत तिची थांबायची वेळ झालेलीच असते. नाकाशी धरलेल्या चपलेचंही तेच.

मग थांबवतं कोण? मेंदूची स्वतःची आवरून धरण्याची व्यवस्था असते. तिच्यात बरेच हात आहेत, पण ओळख करून घ्यावी असं एक नाव आहे गॅबा. मेंदूतल्या पेशी एकमेकींना ढोबळमानानं दोनच निरोप देतात, ‘चल’ आणि ‘थांब’. ‘चल’चा निरोप मुख्यतः ग्लुटामेट नेतं, ‘थांब’चा गॅबा. गॅबा पेशीवरच्या कुलपात बसलं की एक बारीक दार उघडतं, मिठात असतं तेच क्लोराइड आत शिरतं आणि ती पेशी सहजासहजी पेटत नाही. आकडीत हा तोल सुटतो. बाई वर्गाबाहेर गेल्या आणि सगळी पोरं एकाच ठेक्यात बाक बडवायला लागली, तसं.

गंमत म्हणजे हा ‘थांब’ तयार होतो ‘चल’मधूनच. ग्लुटामेटचा एक तुकडा कार्बन डायऑक्साइड होऊन सुटला की उरतं ते गॅबा. बटाट्यात हे रसायन १९४९ साली सापडलं होतं, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुईसला यूजीन रॉबर्ट्स यांनी ते मेंदूत दाखवलं. त्याचं तिथं काम काय, हे कळायला आणखी काही वर्षं गेली.

हा तुकडा सोडवायला ब-६ जीवनसत्त्व लागतं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बाटलीच्या दुधावरच्या काही तान्ह्या बाळांना झटके येऊ लागले. ताप नाही, मार नाही. शोधता शोधता कळलं, की ते दूध निर्जंतुक करताना उष्णतेनं त्यातलं ब-६ नष्ट होत होतं. ब-६ दिलं आणि झटके थांबले. एका जीवनसत्त्वावाचून मेंदूचा ब्रेकच तयार होत नव्हता! पण हे ऐकून मेडिकलमध्ये धावू नका. आपल्या मुलांच्या तापातल्या आकडीशी ब-६चा संबंध नसतो. तेवढं त्यांना दुधातून आणि जेवणातून मिळतं.

आणखी एक गोष्ट मला स्वतःला फार नवलाची वाटते. अगदी कोवळ्या मेंदूत गॅबा उलटं वागतं. पॅरिसमध्ये येहेझ्केल बेन-आरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली उंदरांच्या नवजात पिल्लांमध्ये ते दाखवलं. तिथं पेशीच्या आतच क्लोराइड जास्त असतं, त्यामुळे दार उघडलं की ते बाहेर पडतं आणि पेशी शांत व्हायच्या ऐवजी चेतते. पुढे पेशी क्लोराइड बाहेर टाकायला शिकते आणि तेच गॅबा ब्रेक होतं. नवजात बाळाचे झटके आणि दोन वर्षांच्या मुलाची तापातली आकडी आम्ही एका मापानं मोजत नाही, त्यामागच्या कारणांत हेही एक आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला झटका आला, तर कांदाही नको आणि घड्याळही नको. सरळ रुग्णालय गाठा.

मोठ्या मुलाला मात्र कुशीवर वळवा, गळ्याशी कपडा घट्ट असेल तर सैल करा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा नको, बोट नको, पाणी नको. पाच मिनिटं उलटली तर मिडाझोलामचा नाकातला स्प्रे, अर्थात डॉक्टरांनी लिहून दिला असेल तर आणि सांगितला असेल तेवढाच, आणि लगेच रुग्णालय. आकडी थांबली तरी मुलाला दाखवायला आणायचंच. तो स्प्रे नवीन ब्रेक बसवत नाही. गॅबाच्याच कुलपाला दुसऱ्या जागी चिकटून तो ते दार अधिक वेळा उघडायला लावतो. मेंदूचं स्वतःचं गॅबा तिथं नसेल, तर त्याचं फारसं काही चालत नाही.

परवा एक बाबा मोबाइलवर ‘गॅबा’च्या गोळ्यांची जाहिरात घेऊन आले. मुलगा नववीत, एका जागी बसत नाही. तोंडावाटे घेतलेलं गॅबा रक्तातून मेंदूत फारसं पोचत नाही, हे मी सांगितलंच. पण माझी तक्रार वेगळी होती. ‘थांब’ म्हणजे गप्प बसवणं, हे कुणी सांगितलं? चालताना तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत पुर्किंजे नावाच्या मोठ्या पेशी असतात. त्या पुढे जो निरोप धाडतात तो गॅबाचा, म्हणजे ‘थांब’चाच. आणि तरी पोर त्यांच्या जोरावरच धावतं, सायकल मारतं. बाबांनी मोबाइल खिशात ठेवला. पटलं की नाही, कोण जाणे.

तीन वर्षांपूर्वी अशीच रात्री बेल वाजवणारी एक आई गेल्या आठवड्यात आली होती. मुलगी आता पाच वर्षांची, खिडकीच्या गजांना लोंबकळत होती. आईनं पर्समधून स्प्रेची खोकी काढून टेबलावर ठेवली. मुदत संपली होती. सील तसंच होतं.

“नवीन लिहून देऊ?” मी विचारलं.

ती मुलीकडे बघून हसली. “द्या, ताई. पर्समध्ये राहू दे.”