रंगपटातील पूर्वज

“आमचे पणजोबा नाटक मंडळीत होते,” असे कित्येक मराठी घरांत अभिमानाने सांगितले जाते. ते कोणत्या मंडळीत होते व कोणत्या भूमिका करीत, हे मात्र क्वचितच कोणास ठाऊक असते. अशा पूर्वजाचा शोध घेणे हे चिकाटीचे, पण मोठे आनंददायक काम आहे.

शोधाचा आरंभ घरापासून करावा. जुन्या पेटीत एखादे पत्र, पदक, हस्तपत्रक किंवा छायाचित्र सापडते. छायाचित्रात शालू नेसलेली व नथ घातलेली स्त्री दिसली, तर ती पणजीच असेल असे नाही. कदाचित ते स्वतः पणजोबाच असतील! विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी नाटक मंडळ्यांत स्त्रियांच्या भूमिका बहुधा पुरुषच करीत असत.

त्यानंतर घरातील आठवणी पडताळून पाहाव्या. ‘पणजोबांनी बालगंधर्वांबरोबर “मानापमाना”त काम केले’, अशी एका घरातील आठवण आहे असे समजू. खाडिलकरांचे हे नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीने १९११ साली रंगभूमीवर आणले. १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांनी ती मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. म्हणून पणजोबांचा प्रयोग १९१२ मधील असेल, तर ते किर्लोस्कर मंडळीत असणार. १९१५ मधील असेल, तर गंधर्व मंडळीत. पण आणखीही एक शक्यता उरते. जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले. त्यात बालगंधर्वांसमवेत ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले होते. तेव्हा पणजोबा केशवरावांच्या मंडळीतीलही असू शकतील. अशा वेळी पत्रावरील एक तारीख सारा उलगडा करते.

काही आठवणी या कसोटीला उतरत नाहीत. ‘पणजोबांनी १९१४ साली पुण्यात “कीचकवधा”त भीम केला’, असे कोणी सांगितले, तर एकदम विश्वास ठेवू नये. या नाटकावर इंग्रज सरकारने १९१० साली बंदी घातली होती. तेव्हा सालात तरी चूक असावी, नाही तर नाटकाच्या नावात.

घरातील साधने संपली, की ग्रंथालयाची वाट धरावी. ‘केसरी’सारख्या वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांत नाटकांच्या जाहिराती व परीक्षणे पाहावयास मिळतात. बोडसांचे ‘माझी भूमिका’ व चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ या आत्मचरित्रांत मंडळ्यांच्या बिऱ्हाडातील जीवन जवळून दिसते.

इतके करूनही पुष्कळदा नाव सापडत नाही. जाहिरातीत प्रमुख नटांची नावे झळकत. पडदा ओढणारा, पेटी वाजविणारा, दोन वाक्यांचा सेवक होणारा यांची नावे कोण छापणार? शिवाय नटाच्या धंद्याला त्या काळी समाजात फारशी प्रतिष्ठा नव्हती. ‘नाटक्या’ हा शब्द हेटाळणीने उच्चारला जाई. त्यामुळे काही घरांनी नटाची आठवण मुद्दामच मिटवून टाकली.

म्हणून जे सापडेल ते जसेच्या तसे लिहून ठेवावे. पणजोबा नायक नसून पडदा ओढणारे होते असे आढळले, तरी त्यात उणेपणा कसला? पडदा वेळेवर उघडला नसता, तर नायकाचे पद प्रेक्षकांपर्यंत पोहोचले असते का? ज्यांची नावे कोणी छापली नाहीत, त्यांची नोंद निदान त्यांच्या पणतवंडांनी तरी खरेपणाने करावी.

स्वाध्याय

१. जुन्या छायाचित्रातील ‘स्त्री’ कोण असू शकेल? का?
२. ‘मानापमाना’च्या प्रयोगाचे साल कळल्याने नटाची मंडळी कशी ओळखता येते?
३. घरातील वडील माणसांकडून एका पूर्वजाच्या व्यवसायाची माहिती मिळवा. त्यातील कोणती गोष्ट पुराव्याने सिद्ध होते व कोणती केवळ ऐकीव आहे, हे निरनिराळे लिहा.