झानिया अउबाकिरोवा : दोन तारांच्या देशातली पियानोवादक आणि शिक्षिका



"मुलगी छान वाजवते, कार्यक्रम करेल. नाहीच जमलं तर क्लास घेईल." हे वाक्य आपण किती सहज बोलतो! म्हणजे शिकवणं हे न जमलेल्यांचं काम, असंच आपण मुलांना नकळत सांगतो. कझाकस्तानच्या पियानोवादक झानिया अउबाकिरोवा यांची वाटचाल या समजाला चांगलं उत्तर देते. ती समजून घेण्याआधी त्यांच्या देशाचं संगीत थोडं पाहू.

दोन तारांचं वाद्य

कझाक लोक पिढ्यान् पिढ्या भटके पशुपालक होते. आज इथे तंबू, उद्या तिथे. त्यामुळे वाद्यही घोड्यावरून नेता येईल असंच हवं. ते म्हणजे दोम्ब्रा : लांब मानेचं, हलकं, फक्त दोन तारांचं. त्यावरच्या रचनेला 'क्युय' म्हणतात. त्यात शब्द नसतात, पण बहुतेक क्युयमागे एखादी गोष्ट असते.

एकोणिसाव्या शतकातले कुर्मानगाझी हे या कलेतलं सर्वांत मोठं नाव. त्यांच्या रचना कागदावर नव्हत्या, शिष्यांच्या बोटांत होत्या. त्यांची शिष्या दिना नुरपेइसोवा 1955 पर्यंत हयात होती, म्हणून ती परंपरा विसाव्या शतकापर्यंत थेट पोहोचली. कझाक भाषेत शिक्षकाला 'उस्ताझ' आणि शिष्याला 'शाकिर्त' म्हणतात. ओळखीचे वाटले ना शब्द? आपले उस्ताद आणि शागीर्द! मूळ फारसी शब्द दोन्हीकडे पोहोचले आहेत.

मग पियानो कसा रुजला?

दोन-अडीचशे किलोचा पियानो घोड्यावर कसा लादणार? त्याला घर हवं, शाळा हवी आणि मुख्य म्हणजे शिकवणारे हवेत. हे सगळं सोव्हिएत काळात आलं. त्याच काळात सक्तीने स्थिरावण्याचं धोरण आणि 1930 नंतरचा भीषण दुष्काळ यांत दहा लाखांहून अधिक माणसं गेली. माणसांबरोबर गाणीही जातात. अलेक्सांद्र झातायेविच यांनी लोकांकडून ऐकून स्वरलिपीत उतरवलेल्या हजार गाण्यांचा संग्रह 1925 मध्येच छापला गेला होता. त्याचं मोल इथे कळतं.

1944 मध्ये अल्मा-आता (आजचं अल्माती) इथे संगीताची उच्च शिक्षणसंस्था, म्हणजे कॉन्झर्व्हेटरी, सुरू झाली. तिला नाव मिळालं कुर्मानगाझींचं. पियानो आणि दोम्ब्रा एकाच छताखाली शिकवले जाऊ लागले.

तिथवर पोहोचण्याचा नेहमीचा रस्ता असा : सात वर्षं मुलांची संगीत शाळा, मग चार वर्षं संगीत विद्यालय, मग पाच वर्षं कॉन्झर्व्हेटरी. एकूण सोळा वर्षं! वाद्याच्या जोडीला स्वर ओळखणं, लिहिणं आणि समूहगायनही असायचंच.

शिष्या ते कुलप्रमुख

झानिया यांचा जन्म 1957 मध्ये अल्मा-आतात झाला. पुढे त्या मॉस्कोच्या चायकोव्हस्की कॉन्झर्व्हेटरीत वेरा गोर्नोस्तायेवा यांच्याकडे शिकल्या. गोर्नोस्तायेवा या हाइनरिख न्यूहाउस यांच्या शिष्या. रिख्तर आणि गिलेल्स हे जगप्रसिद्ध वादकही न्यूहाउस यांचेच शिष्य. बोटं चालवण्याआधी रचना मनात ऐकू आली पाहिजे, हा न्यूहाउस यांच्या शिकवणीचा गाभा. गणिताच्या किंवा भाषेच्या शिक्षकालाही हे पटेल.

1983 मध्ये पॅरिसच्या लाँग-तिबो स्पर्धेत झानिया यांना पारितोषिक मिळालं. परदेशी मंचांची दारं उघडली. त्यांनी कार्यक्रम सोडले नाहीत, पण अल्मातीत शिकवायलाही सुरुवात केली.

1991 मध्ये देश स्वतंत्र झाला. सुरुवातीची वर्षं आर्थिक ओढाताणीची. 1997 मध्ये राजधानीही अल्मातीहून हलली. नेमक्या त्याच वर्षी झानिया यांनी कुर्मानगाझी कॉन्झर्व्हेटरीचं प्रमुखपद स्वीकारलं आणि सुमारे दोन दशकं सांभाळलं. शिवाय अल्मातीत स्वतःच्या नावाची शाळा उभी केली. तिथे नेहमीचे विषय आणि संगीत हातात हात घालून चालतात.

विचार करा, मंचावरची टाळी त्याच रात्री मिळते. शाळेतल्या कामाचं फळ दिसायला सोळा वर्षं लागू शकतात. तरीही त्यांनी दोन्ही केलं, कारण त्यांच्यापर्यंत पियानो पोहोचला तो शिकवणाऱ्यांच्या साखळीतूनच. मधली एक कडी जरी "मी फक्त वाजवणार" म्हणाली असती, तर पुढच्या पिढीपर्यंत काय पोहोचलं असतं?

पालकांना एवढंच सांगणं : आठवी-नववीत "आता अभ्यास आहे" म्हणून पेटी-तबला बंद करण्याआधी थोडं थांबा. वेळ कमी करा हवं तर, पण धागा तोडू नका.

वर्गासाठी उपक्रम

1. एक छोटा क्युय ऐकवा. गोष्ट न सांगता मुलांना ती कल्पनेने लिहू द्या.
2. मग ही दंतकथा सांगा : खानाचा मुलगा शिकारीत मरण पावला. बातमी आणणाऱ्याच्या घशात तापलेलं शिसं ओतलं जाईल, अशी खानाची धमकी. एका वादकाने तोंडातून शब्द न काढता दोम्ब्रावर ती बातमी सांगितली. शिसं ओतलं गेलं ते दोम्ब्रात, म्हणून तिला भोक! विचारा : शब्दांशिवाय दुःख कसं कळलं असेल?
3. आपण जे शिकलो ते कुणाकडून, त्यांनी कुणाकडून? प्रत्येकाने घरी विचारून तीन पिढ्यांची साखळी काढावी. भाकरी थापणं, पोहणं, पेटी, काहीही चालेल.